होडी परतली नाही, तर यादी कुणाकडे?

समुद्रावर गेलेली लहान होडी परत येत नाही तेव्हा मागे राहिलेल्या मच्छीमार वस्तीचं काय होतं, हा आजचा विषय. अपघाताची बातमी दोन-चार दिवस छापून येते. शोधमोहीम थांबली की बातमीही थांबते, आणि वस्तीचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ते काम काय असतं हे आपण एका मोठ्या दुर्घटनेवरून समजून घेऊ आणि मग आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर येऊ. ही दुर्घटना म्हणजे 2017 सालचं ओखी चक्रीवादळ.

एका रात्रीचा प्रवास

केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्याला पूंतुरा, विळिंजम अशी मच्छीमार गावं आहेत. दाट वस्ती, बहुतेक कुटुंबं लॅटिन कॅथलिक. इथल्या पुष्कळशा होड्या लहान असतात. फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन आणि चार-पाच माणसं. संध्याकाळी निघायचं, रात्रभर मासेमारी करायची, सकाळी मासळी घेऊन परत यायचं. रोजचंच काम.

29 नोव्हेंबर 2017 च्या संध्याकाळी अशा होड्या नेहमीप्रमाणे निघाल्या. त्या वेळी श्रीलंकेजवळ कमी दाबाचा पट्टा होता. तो इतक्या झपाट्यानं वाढला की 30 तारखेला सकाळी कन्याकुमारीच्या समुद्रात त्याचं चक्रीवादळ झालं होतं. चोवीस तासांच्या आसपास एवढा फरक पडला. इशारा केव्हा दिला आणि तो कुणापर्यंत पोचला यावरून नंतर मोठा वाद झाला. पण एक गोष्ट साधी आहे. होडी पाण्यात गेल्यावर तिच्यापर्यंत निरोप पोचवायचं साधनच फारसं नव्हतं. मोबाइल किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंत चालतो. व्हीएचएफ वायरलेस त्याच्या पुढे जातो, पण त्यालाही मर्यादा आहे आणि लहान होडीत तो असतोच असं नाही.

लहान होडीचं गणितही लक्षात घ्या. लाट समोरून घेतली तर होडी तग धरते. इंजिन बंद पडलं की होडी आडवी होते, लाट बगलेला बसते आणि होडी उलटते. फायबरची होडी उलटली तरी पुष्कळदा तरंगत राहते, म्हणून माणसं तिला धरून राहतात. आपल्याकडचं पाणी उबदार, त्यामुळे गारठ्यानं लगेच जीव जात नाही. जीव जातो तो थकव्यानं, तहानेनं आणि हात सुटल्यानं. ओखीतून वाचलेल्या अनेकांनी उलटलेल्या होडीला धरून तासन् तास काढले आणि शेजारच्या माणसाचा हात सुटताना पाहिला. तो माणूस बहुधा भाऊ, मेव्हणा किंवा शेजारी असतो, कारण होडीवरची माणसं घरातली नाही तर गल्लीतलीच असतात. एक होडी गेली की एकाच गल्लीत तीन-चार घरांत अंधार होतो, तो यामुळे.

किती गेले, कोण गेले?

वादळानंतर पहिला प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर कित्येक दिवस मिळत नव्हतं. सरकारचा आकडा वेगळा, चर्चचा वेगळा. याचं कारण कुणाच्या हेतूत शोधायची गरज नाही. मोठी बोट बंदरातून निघते, तिची नोंद होते. लहान होडी वाळूवरून ढकलली जाते. आज कोण आलं, कोण ताप आला म्हणून घरी राहिलं, कोणाच्या जागी कोण गेलं, हे कुठल्याही कार्यालयाला माहीत नसतं. ते माहीत असतं वस्तीला. म्हणून त्या गावांत खरी यादी झाली ती चर्चच्या आवारात, घराघरांतल्या बायकांनी सांगितलेल्या नावांवरून.

दुसरी गोष्ट शोधाची. नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं, विमानं शोध घेत होती. गावकऱ्यांचं म्हणणं असं होतं की आमची माणसं कुठल्या पट्ट्यात मासे धरतात आणि प्रवाह होडीला कुठे नेईल हे आम्हाला ठाऊक आहे, आम्हाला बरोबर न्या. काही जण स्वतःच्या होड्या घेऊन निघालेही. पुढे मच्छीमारांना शोधाच्या जहाजांवर घेतलं गेलं. यातलं शहाणपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. शोधाचं क्षेत्र ठरतं ते 'शेवटी कुठे होते' यावरून, आणि ते सांगू शकते ती वस्तीच.

आपला किनाराही यात आला. 2 डिसेंबरला बातमी आली की केरळ आणि तमिळनाडूच्या 68 बोटी 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या आहेत. देवगडचं बंदर त्यांनी भरून गेलं. तिकडे दक्षिणेत मात्र तोवर त्यांची घरं काळजीत होती. माणूस जिवंत आहे, पण घरी माहीत नाही, असाही एक प्रकार असतो.

जे परतले नाहीत त्यांच्यापैकी काहींचे मृतदेह कोझिकोडपर्यंतच्या समुद्रात, म्हणजे शेकडो किलोमीटर उत्तरेला सापडले. ओळखण्याच्या पलीकडे गेलेले. ओळख पटवावी लागली ती डीएनए तपासणीनं. केरळ सरकारच्या आकडेवारीत शेवटी 52 मृत आणि 91 बेपत्ता, असे 143 जण राहिले. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एक देह सापडला तेव्हा जवळजवळ दोन सापडलेच नाहीत.

बेपत्ता म्हणजे काय?

देह नसेल तर घरानं काय समजायचं? मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण देहाबद्दल शंका राहिली. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही, आणि पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला तो याच शंकेच्या जोरावर. आपल्या धर्मशास्त्रात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून संस्कार करायचे, असा पालाशविधी सांगितलेला आहे. म्हणजे जुन्या लोकांनाही हे दुःख वेगळं आहे, याला वेगळा विधी लागतो, हे कळलं होतं.

कायद्याची मुदत सात वर्षांची आहे. ज्यांना त्याची खबर सहज मिळाली असती अशा लोकांनी सात वर्षं काही ऐकलं नसेल, तर तो मरण पावला असं गृहीत धरता येतं. हे 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम 108. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 111 आहे.

धर्मशास्त्र बारा वर्षं थांबा म्हणतं, कायदा सात वर्षं थांबा म्हणतो, आणि होडीच्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात येतो. त्या बाईची कोंडी इथे आहे. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विमा नाही, वारस म्हणून नोंद नाही, नवऱ्याच्या खात्यातले पैसे काढता येत नाहीत. आणि मनानंही ती अडकलेली असते. आशा सोडली तर आपणच त्याला मारलं असं वाटतं, आणि आशा धरली तर मुलांचं पुढचं काही ठरवता येत नाही.

ओखीनंतर केरळ सरकारनं सात वर्षं न थांबता बेपत्ता माणसांना मृत मानून त्यांच्या कुटुंबांना 20 लाख रुपयांची मदत देण्याचा निर्णय घेतला. 2004 च्या त्सुनामीनंतरही असाच मार्ग काढावा लागला होता. निर्णय योग्यच होता. पण तो झाला, कारण माणसं शंभराच्या वर गेली होती आणि सगळ्या देशाचं तिकडे लक्ष होतं.

एखाद्या खाडीच्या तोंडाशी एकच होडी उलटते आणि तीन माणसं जातात, तेव्हा असा खास निर्णय निघत नाही. आणि आपल्याकडे घडतं ते बहुतेकदा हेच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, पण हातानं वल्हवायच्या बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी नाही. म्हणजे समुद्र सर्वांत खवळलेला असताना पाण्यात असते ती सर्वांत लहान होडी. खाडीच्या मुखाशी गाळाचा दांडा साचलेला असतो, तिथे लाट फुटते, आणि घर डोळ्यांना दिसत असताना माणूस जातो.

अशा घरासमोर मार्ग कोणता? सात वर्षांचं कलम हे एक गृहीतक आहे. त्याआधीही मृत्यू पुराव्यानं सिद्ध करता येतो. त्यासाठी वाचलेल्या सोबत्यांचे जबाब, पोलिसांतली वेळेवरची नोंद, पंचनामा, तटरक्षक दलाच्या शोधाचा अहवाल लागतो, आणि तो माणूस त्या दिवशी त्याच होडीवर होता याचा लेखी पुरावा लागतो. हा शेवटचा कागदच बहुधा नसतो.

विम्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं एका विम्याच्या खटल्यात स्पष्ट केलं की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख नाही. म्हणजे 'तो त्याच दिवशी गेला' हे आपोआप मानलं जात नाही. मधल्या काळात हप्ते थकले तर पॉलिसी बंद पडते आणि दावा हातचा जातो. म्हणून माणूस बेपत्ता असेल तर त्याच्या आयुर्विम्याचे हप्ते थांबवू नका. जमत नसेल तर सोसायटीनं, नातेवाइकांनी भरावेत.

वस्तीनं काय करावं?

आमचं सांगणं फार मोठं नाही. किनाऱ्यावर रोज एक यादी असावी. मच्छीमार सोसायटीत, जमातीच्या चावडीवर, चर्चमध्ये, मशिदीत, जिथे तुमची माणसं जमतात तिथे. होडीचा नंबर, तांडेलाचं आणि प्रत्येक खलाशाचं नाव, कुठल्या दिशेला आणि किती वाव पाण्यात जाणार, केव्हा परतणार, लाइफ जॅकेट किती. निघताना वहीत लिहा किंवा तांडेलानं वहीचा फोटो गटावर टाकावा. ठरलेली वेळ टळली की वाट बघत बसू नका. तटरक्षक दलाचा टोल फ्री क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093. वायरलेस असेल तर संकटाचा चॅनेल 16.

ही यादी अपघात झाल्याबरोबर शोध कुठे घ्यायचा ते सांगते. महिन्यानंतर तीच यादी त्या घराचा पुरावा होते. एका वहीची ही दोन कामं आहेत.

दुसरं, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात नाव आहे का ते तपासा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख रुपये मिळतात, आणि हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. नाव मात्र नोंदलेलं हवं. मालकाचं असतं, रोजंदारीवरच्या खलाशाचं राहून जातं. परराज्यातून आलेल्या खलाशाचं तर हमखास राहतं. त्याच्या गावचा पत्ता आणि घरचा फोन तरी तांडेलाकडे लिहिलेला असावा.

तिसरं, वाचलेल्या माणसाकडे लक्ष द्या. सगळी वस्ती गेलेल्यांच्या दारात जमते आणि हा घरी एकटा बसतो. 'तू कसा वाचलास?' हा प्रश्न त्याला विचारू नका, तो स्वतःला रात्रंदिवस तेच विचारत असतो. त्याचा जबाब वेळेत नोंदवून घ्या, आणि त्याला पुन्हा पाण्यावर जायचं असेल तेव्हा पहिल्या दिवशी सोबत द्या. आणि जायचंच नसेल तर किनाऱ्यावरचं काम द्या.

ओखीनंतर नऊ महिन्यांच्या आत, ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला. तेव्हा मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या, पूरग्रस्त गावांत नेल्या आणि हजारो लोकांना पाण्यातून बाहेर काढलं. त्यांत ओखीनं पोळलेल्या किनाऱ्याचे लोकही होते. सारा देश तेव्हा त्यांच्या होड्यांचे फोटो बघत होता. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत त्या वेळी एखादं नाव अजून 'बेपत्ता' या रकान्यात होतं.

आपल्या गावात अशी यादी आज आहे का, ते घरी गेल्यावर विचारा. नसेल तर एक शंभर पानी वही घ्या. उद्या पहाटे जी होडी निघेल तिचं नाव पहिल्या पानावर लिहा.