शेतकऱ्याचा कृत्रिम पाय

मळणीयंत्रात सापडून, रस्त्यावरील अपघाताने किंवा मधुमेहात चिघळलेल्या जखमेमुळे शेतकऱ्याचा पाय कापावा लागला, म्हणजे घरात पहिला विचार होतो तो जमीन बटाईने देण्याचा. कर्ता पुरुष ओसरीवर बसून राहतो व शेत दुसऱ्याच्या हाती जाते. परंतु गुडघा शाबूत असेल आणि योग्य पाय वेळेवर बसविला, तर असा मनुष्य पुष्कळदा पुन्हा शेतात उभा राहू शकतो.

बुटाचा पाय व शेतीचा पाय

पाश्चात्त्य धर्तीचा जुना कृत्रिम पाय बूट घालून सपाट जमिनीवर चालण्यासाठी केलेला होता. त्याचा घोटा ताठ असे. आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसून खुरपणी करतो, धार काढतो, मांडी घालून जेवतो. ताठ घोट्याने यांतील बहुतेक कामे होत नाहीत; मग तो पाय खुंटीला अडकतो व कुबड्या पुन्हा काखेत येतात.

ही अडचण ओळखून जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' सिद्ध केला. त्याच्या टाचेत व पंजात हलके सच्छिद्र रबर आणि घोट्यापाशी लाकूड असते. त्यावर टिकाऊ रबराचे आवरण देऊन सर्व साच्यात उष्णतेने एकजीव करतात. हा पाय घोट्यात लवतो, उंचसखल बांधावर टेकतो आणि अनवाणी वापरता येतो. वरची खोबण पूर्वी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असे. पुढे ती पाण्याच्या नळांसाठी वापरतात त्या जातीच्या प्लास्टिकची होऊ लागली. नळ तापवून मऊ करतात व रुग्णाच्या मापाच्या प्लास्टरच्या ठोकळ्यावर चढवितात. १९७५ साली जयपूर येथे स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य बसविते.

घ्यावयाची काळजी

१. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली उशी ठेवू नये. गुडघा वाकलेला आखडला, तर पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही.

२. पायाचा राहिलेला भाग रोज रात्री साबणाने धुऊन कोरडा करावा. आत घालावयाचा सुती मोजा रोज धुवावा.

३. त्वचेवर लाली, फोड किंवा जखम दिसताच पाय वापरणे थांबवून डॉक्टरांस दाखवावे. मधुमेह असलेल्यांस वेदना कळतेच असे नाही. त्यांनी आरशात पाहून रोज तपासणी करावी.

४. पहिल्या काही महिन्यांत राहिलेला भाग आक्रसतो व खोबण सैल होते. चिंध्या कोंबून वेळ मारून नेऊ नये. केंद्रात जाऊन खोबण बदलून घ्यावी.

५. चिखलातील कामानंतर कृत्रिम पाय स्वच्छ धुऊन पुसावा.

गुडघ्याच्या वर पाय कापला असल्यास कृत्रिम गुडघाही लागतो, व चालण्याचा सराव अधिक दिवस करावा लागतो. अशा मनुष्याने सर्व कामांची अपेक्षा एकदम धरू नये.

कार्यकर्त्यांचे काम

अशी व्यक्ती पुष्कळदा आपण होऊन पुढे येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तिच्या घरी जावे, जखम भरल्यावर विलंब न लावता तिला जिल्हा रुग्णालयात न्यावे व अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून द्यावे. साहाय्यक साधनांसाठी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. तिच्या अटी समजावून सांगून अर्ज भरून द्यावा. पाय मिळाल्यानंतरही महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चौकशी करावी, कारण पाय बसविला एवढ्याने काम संपत नाही. तो खुंटीला आहे की बांधावर, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच मदत पोहोचली असे समजावे.