तंजावरचे विद्यार्थी : जिव्हाळा, जाच आणि त्यांची भाषा

१८०१ साली तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा तेथील रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला एक विस्तृत पत्र लिहिले. पत्राचा विषय होता राज्यातील छत्रे, म्हणजे रामेश्वरच्या यात्रामार्गावर भोसले घराण्याने उभारलेली अन्नछत्रे व धर्मशाळा. दोनच वर्षांपूर्वी, १७९९ च्या तहाने, किल्ला व त्याचा लगतचा परिसर वगळता सारा मुलकी कारभार कंपनीकडे गेला होता. छत्रांना लावून दिलेल्या उत्पन्नास धक्का लागू नये, एवढीच राजांची विनंती होती. तिच्या समर्थनार्थ छत्रांत काय काय चालते याचे वर्णन त्यांनी केले आहे, आणि त्या ओघात विद्यार्थीही येतात. छत्रात चारही वेदांचे अध्यापक असतात, एक शाळामास्तर असतो. वाटेत अनाथ झालेल्या परक्या मुलांना त्याच्या स्वाधीन केले जाते. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळते, दर चौथ्या दिवशी तेल लावून स्नान घातले जाते, औषध व वस्त्र दिले जाते. ज्या विद्येची आवड ती प्रकट करतील ती विद्या त्यांना शिकविली जाते, आणि विद्या पुरी झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्र सोसते.

विद्यार्थिजीवनाचा अभ्यास करणाऱ्यास हा मजकूर मोलाचा वाटावा, पण तो विद्यार्थ्याने लिहिलेला नाही हे क्षणभरही विसरता येत नाही. तो दात्याचा मजकूर आहे, आणि तोही एका परक्या सत्तेची खात्री पटविण्यासाठी लिहिलेला. विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठात काय आवडते आणि काय नकोसे होते, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो, आणि बहुधा त्याची उत्तरे खानावळ, वसतिगृह, परीक्षा व अध्यापक या चार शब्दांभोवती फिरतात. तंजावरच्या बाबतीत हा प्रश्न दोनशे वर्षे मागे नेला तर त्याला एक भाषिक बाजू आहे असे दिसते. ज्या मराठीने येथे विद्यार्थ्याला जेवू घातले, त्याच्यासाठी ग्रंथ छापले आणि त्याच्यावरील खर्च नोंदवून ठेवला, त्या मराठीत विद्यार्थ्याचे स्वतःचे सुखदुःख फारसे उतरलेले नाही. ते सुखदुःख इंग्रजीत सापडते, तमिळमध्ये तर विपुल सापडते.

छत्रातील व्यवस्थेचे वेगळेपण मराठी वाचकास महाराष्ट्रातील रीतीशी ताडून पाहिल्यास चटकन उमगते. देशावर व कोकणात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे किंवा माधुकरी मागत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. त्या व्यवस्थेत अन्नाबरोबर घराघरांतील वागणुकीचा अनुभवही पानात पडे. कुठे माया, कुठे आढ्यताखोर शब्द, कुठे मुद्दाम उशिरा वाढलेले पान. मराठी आत्मचरित्रांत वाराच्या जेवणाची आठवण पुन्हा पुन्हा येते, याचे कारण हेच असावे. दाता दारात उभा असे, म्हणून तक्रारीलाही चेहरा मिळे. छत्रात दाता समोर नसतो. तेथे असतो तांदळाचा कोठार, आचारी आणि हिशेबनीस. अशा ठिकाणी भूक भागते, पण अपमानाची किंवा उपकाराची कथा बनत नाही. मोडी दफ्तरातील नोंदींचा कोरडेपणा हा केवळ कारकुनी सवयीचा भाग मानू नये. संस्थेने अन्न दिले की त्याची भाषा हिशेबाची होते.

तरीही त्या कोरड्या तपशिलाला उलट बाजूने वाचता येते. तीन वेळचे जेवण, चौथ्या दिवशीचे तेल, आजारपणातले औषध या गोष्टी राजांनी मुद्दाम सांगितल्या, त्या अर्थी त्या सर्वत्र मिळत नव्हत्या. कावेरीच्या खोऱ्यातील दमट उष्म्यात अभ्यंगस्नान हा चैनीचा विषय नव्हे, आणि घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या डोक्याला तेल लागणे म्हणजे त्याची काळजी वाहणारे कोणी तरी आहे याची खूण. आवडीची विद्या निवडू देण्याचा उल्लेख तर आजच्या वाचकालाही थबकविणारा आहे. तो कितपत प्रत्यक्षात उतरला हे वेगळे. पण शिक्षणात मुलाच्या रुचीला स्थान असावे हा विचार राजाला पत्रात मांडावासा वाटला, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या विचाराचे मूळ राजांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत शोधावे लागते. १७८७ मध्ये तुळजाजींच्या मृत्यूनंतर गादी अमरसिंहांकडे गेली आणि दत्तकपुत्र सरफोजींच्या शिक्षणाची आबाळ झाली. जर्मन मिशनरी ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्त्झ यांनी या आबाळीविरुद्ध कंपनीकडे वारंवार दाद मागितली. १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलविण्यात आले व तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. तंजावरच्या मराठी इतिहासातील हा सर्वांत ठळक विद्यार्थी, आणि त्याचे गाऱ्हाणे जेवणाचे वा कडक शिस्तीचे नव्हते. विद्याच मिळत नाही, हे त्याचे गाऱ्हाणे होते. १७९८ मध्ये श्वार्त्झ वारले. त्यांच्या स्मरणार्थ सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभा राहिलेला शिष्य राजवेषात दिसतो. समाधिशिलेवर कोरलेले पद्यही राजांनीच रचले आणि त्यात गुरूला पिता म्हणून संबोधिले. हे पद्य इंग्रजीत आहे. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा भाषांच्या सहवासात वाढलेल्या राजाने गुरूवरील प्रेम व्यक्त करण्यासाठी गुरूची नव्हे, आपलीही नव्हे, तर दोघांमधल्या शिक्षणव्यवहाराची भाषा निवडली. तौलनिक अभ्यासकाने या शिलालेखाकडे राजभक्तीचे किंवा मिशनकार्याचे उदाहरण म्हणून पाहण्यापेक्षा विद्यार्थ्याची कविता म्हणून पाहावे.

मराठीचा उपयोग राजांनी निराळ्या कामासाठी केला. राजवाड्यात व ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात त्यांनी नव्या विद्यांच्या शाळा चालविल्या, देवनागरी मुद्रणालय स्थापिले, आणि त्या मुद्रणालयातून १८०६ मध्ये इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावलि’ या नावाने बाहेर पडला. मुंबई-पुण्याकडील मराठी पाठ्यपुस्तकांचा काळ यानंतर दीड-दोन दशकांनी सुरू होतो. राजांच्याच नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक याहून नवलाचे आहे. कुरवंजी हा तमिळ परंपरेतील नाट्यप्रकार. त्यात डोंगरवासी कुरव जमातीतील भविष्य सांगणारी स्त्री येते, आपल्या मुलखाचे डोंगर-नद्या गाते आणि विरहिणी नायिकेला प्रियकराच्या भेटीचे भाकीत सांगते. सरफोजींच्या नाटकात ही कुरवंजी इंद्रपत्नीसमोर येते आणि साऱ्या पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. आपल्या मुलखाचे वर्णन करण्याची रूढ जागा राजांनी खंडे व देश यांच्या नामावळीसाठी वापरली. रचनाप्रकार तमिळ, भाषा मराठी, माहिती युरोपीय. भूगोल पाठ करण्याचा कंटाळा सर्व काळच्या मुलांना ठाऊक असतो. तो गाण्याने हलका करावा, ही कल्पना शिक्षकाला सुचण्याआधी बहुधा विद्यार्थ्याच्या मनात असते. या नाटकाचे काव्यमूल्य बेताचेच आहे, आणि ते तसे मान्य करण्यात कमीपणा नाही.

राजवाड्याच्या बाहेरचे शिक्षण मात्र लहान लहान घरगुती पाठशाळांत विखुरलेले होते. टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये आदेश दिलेल्या पाहणीत तंजावर जिल्ह्यात ८८४ शाळा आणि १०९ उच्च पाठशाळा नोंदल्या गेल्या. या १०९ पाठशाळांत मिळून विद्यार्थी होते ७६९. म्हणजे एका गुरूभोवती सरासरी सात शिष्य. एवढ्या जवळिकीत जिव्हाळा आणि जाच यांना वेगळे करता येत नाही, आणि हे ज्याने सर्वांत मनमोकळेपणाने लिहिले तो लेखक तमिळ आहे.

उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांचे ‘एन चरित्तिरम्’ हे आत्मचरित्र १९४० पासून ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात क्रमशः येत होते व लेखकाच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. त्याचा आरंभच मराठी वाचकाचे कुतूहल जागे करतो. अय्यरांच्या उत्तमदानपुरम् या गावाची उत्पत्तिकथा अशी, की तंजावरच्या एका मराठा राजाने एकादशीच्या दिवशी विसरून विडा खाल्ला, आणि त्या दोषाच्या परिहारार्थ ब्राह्मणांना घरे बांधून देऊन हे गाव वसविले. म्हणजे मराठी दानातून उभ्या राहिलेल्या अग्रहारात तमिळमधील सर्वांत समृद्ध विद्यार्थिकथेचा नायक जन्मला.

१८७१ मध्ये अय्यर मायावरम् येथे महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांचे शिष्य झाले, आणि १८७६ मध्ये गुरूंचा मृत्यू होईपर्यंत त्यांच्या सहवासात राहिले. गुरू ब्राह्मणेतर, शिष्य ब्राह्मण. त्यामुळे शिष्याच्या जेवणाची सोय गुरुगृही होऊ शकत नसे. ती दरवेळी अन्यत्र लावावी लागे, आणि गुरू गावोगाव फिरत असल्याने दर मुक्कामाला हा प्रश्न नव्याने उभा राही. धडा रंगात आला आहे आणि जेवणासाठी उठावे लागते आहे, ही तगमग वाचताना वाराच्या जेवणाची मराठी आठवण जवळची वाटते. पण येथे अडसर दारिद्र्यापेक्षा पंक्तीच्या निर्बंधाचा आहे. गुरूला शिष्याची भूक कळते आणि तरी तो त्याला आपल्या घरी जेवू घालू शकत नाही. तंजावरच्या छत्रांनी ज्या प्रश्नाला स्वतंत्र स्वयंपाकघराचे उत्तर दिले होते, तो प्रश्न गुरुशिष्यांच्या खासगी नात्यात असा उघडा पडतो.

दुसरी वेदना संगीताची. अय्यरांचे वडील गायक होते, आणि मायावरम् येथे अय्यर ‘नंदनार’चे कर्ते गोपाळकृष्ण भारती यांच्याकडे गाणे शिकू लागले होते. पिळ्ळै यांना ते रुचले नाही, आणि शिष्याने गाण्याचे शिक्षण सोडले. अय्यर गुरूला दोष देत नाहीत. पण सत्तरी-पंच्याहत्तरीनंतर लिहिलेल्या चरित्रात ही गोष्ट इतक्या बारकाव्याने येते, की गमावलेल्या विद्येचा सल पुसला गेला नव्हता हे वाचकाला कळून चुकते. तिरुवावडुतुरै मठात असताना देवी आल्या तेव्हा त्यांना मामांच्या गावी न्यावे लागले. तेथील आठवणीत रोगापेक्षा बुडणाऱ्या धड्यांची खंत अधिक जाणवते. विद्यार्थ्याला काय आवडते याचे यापेक्षा खात्रीचे उत्तर क्वचितच मिळेल.

१८८० मध्ये अय्यर कुंभकोणम् च्या सरकारी कॉलेजात तमिळचे अध्यापक झाले, आणि त्या ठिकाणी विद्यार्थिजीवनाची सारी परिभाषाच पालटलेली दिसते. या कॉलेजाच्या लौकिकात पोर्टर यांच्याबरोबर टी. गोपाळराव या तंजावरी मराठी अध्यापकाचा वाटा मोठा होता. पण शिकविण्याचे माध्यम इंग्रजी होते, आणि भीती परीक्षेची. १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर दाखल झालेले श्रीनिवास रामानुजन् गणितात बुडून गेल्याने इंग्रजीत नापास झाले. शिष्यवृत्ती गेली, आणि १९०५ मध्ये ते घरातून निघून विशाखापट्टणम् ला गेले. आवडीची विद्या शिकू देणाऱ्या छत्राच्या वर्णनाला तेव्हा नुकतेच एक शतक उलटले होते.

तंजावरी मराठी घराण्यांतील मुले याच मार्गाने गेली. कुंभकोणम् येथे १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव मद्रासला पॉवेल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झाले. १८५५ मध्ये तंजावर खालसा झाल्यावर मराठीला येथे दरबारही उरला नाही. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तमिळ, अशी वाटणी झाली. शाळेतील अनुभव ज्या भाषेत घडतो त्याच भाषेत तो पुढे आठवतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. धोंडो केशव कर्वे यांच्या १९१५ च्या ‘आत्मवृत्ता’त मुरुडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी केलेली पायपीट आणि तेथे वय लहान दिसते म्हणून मिळालेला नकार मराठीत सांगितला जातो, कारण ती शाळा, ते मास्तर आणि ती वाट सारीच मराठी होती. तंजावरी मराठीला अशी शाळा सरफोजींच्या काळापुरतीच लाभली, आणि तिच्यातील मुले आत्मचरित्राच्या युगाआधीच मोठी होऊन गेली.

१९८१ मध्ये तंजावर येथे तमिळ विद्यापीठ स्थापन झाले. त्याने के. एम. वेंकटरामय्या यांचा मराठा राजवटीतील समाजजीवनावरील तमिळ ग्रंथ १९८४ मध्ये, आणि राजवाड्यातील मोडी कागदपत्रांचे तमिळ अनुवादाचे खंड १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. यामुळे शाळा, छत्रे, पगार व शिधा यांविषयीच्या मराठी नोंदी तमिळ संशोधकाला मोडी न शिकताही वाचता येतात, आणि महाराष्ट्रातील अभ्यासकाला मात्र मोडी किंवा तमिळ यांपैकी एक तरी शिकावीच लागते. चौथ्या दिवशीचे तेल कोणत्या मुलाच्या वाट्याला आले, याचा शोध आता त्या अनुवादांतून सुरू करणे अधिक सोयीचे.