शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट : विकतचा की मेहनतीचा?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेलेला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी घरात सांगते, “अब्बा, प्रोजेक्टसाठी पैसे लागतील.” अब्बा कसेबसे पैसे उभे करतात. प्रोजेक्ट म्हणजे नेमके काय, तो कुठे होणार, कोण करणार, हे बहुतेक घरांत कोणी विचारत नाही. “आम्हाला त्यातले काय कळते?” असे म्हणून आईवडील गप्प बसतात. आमचे म्हणणे एवढेच की, पुढच्या नोकरीचा पाया जिथे घातला जातो, नेमक्या त्याच जागी घर गप्प राहते.

यवतमाळ जिल्ह्यात आज शिक्षणाची सोय आहे. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 चे, यवतमाळचे जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 चे, तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 2018 मध्ये सुरू झाले. शासकीय तंत्रनिकेतनही आहे. म्हणजे डिग्री आता घरापाशी आली. पण नोकऱ्या मोठ्या संख्येने पुणे, नागपूर, हैदराबाद अशा शहरांतच आहेत. तिथे आपल्या मुलाची गाठ मोठ्या शहरांतल्या मुलांशी पडते. त्या मुलांना आजूबाजूच्या कंपन्यांत काम पाहण्याची संधी सहज मिळालेली असते. आपल्या मुलासाठी ही उणीव भरून काढण्याची सर्वांत मोठी संधी म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट.

ही संधी कशी वाया जाते, तेही पाहू. मोठ्या शहरांत तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत. पैसे भरले की यंत्राचे मॉडेल किंवा कॉम्प्युटरचा प्रोग्राम मिळतो, सोबत छापील अहवालही मिळतो. कॉलेजात मार्क पडतात. पण मुलाखतीत साहेब साधाच प्रश्न विचारतात, “यात तुझे स्वतःचे काम कोणते? कुठे अडचण आली आणि ती कशी सोडवलीस?” ज्याने प्रोजेक्ट विकत घेतला त्याच्याकडे याचे उत्तर नसते. अब्बांचे पैसे तर गेलेच, पण शिकण्याचे एक अख्खे वर्षही हातचे गेले. शिवाय दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर दाखवली, ही गोष्ट मनाला टोचायला हवी ती वेगळीच.

खरा प्रोजेक्ट सुरू होतो कुणाच्या तरी खऱ्या अडचणीपासून. ती अडचण समजून घ्यायला तिथे जावे लागते, कामगारांशी बोलावे लागते, मोजमाप करावे लागते. मग उपाय करून पाहायचा, तो फसला तर का फसला ते वहीत लिहायचे, दुरुस्त करायचा आणि शेवटी वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा. वेळ पाळणे, चार जणांत कामाची वाटणी करणे, “साहेब, हे अजून जमले नाही” असे वेळेवर सांगणे, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत. कंपनीला माणूस निवडताना नेमक्या याच हव्या असतात.

“यवतमाळात कुठली आली इंडस्ट्री?” असे काही जण विचारतील. जरा आजूबाजूला पाहू या. हा कापसाचा जिल्हा. जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी होते, रुईची साधारण 170 किलोची गाठ बांधली जाते. कापसात ओलावा 12 टक्क्यांहून जास्त असला तर सरकारी हमीभावाच्या खरेदीत तो नाकारला जातो. शेतकऱ्याला घरीच ओलावा तपासता येईल असे स्वस्त उपकरण बनवणे, हा प्रोजेक्टच आहे. लोहारा एमआयडीसीत रेमंडचा डेनिम कापडाचा कारखाना आहे, वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत, मुकुटबनला सिमेंट कारखाना आहे. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. फवारणाऱ्याच्या अंगावर औषध कमी उडेल असा पंप तयार करणे, यापेक्षा मोलाचा विषय कोणता?

आणखी जवळ पाहायचे तर आपल्याच मोहल्ल्यात पाहावे. आपल्याकडे कितीतरी घरे गॅरेज, वेल्डिंग, मोटर रिवाइंडिंग, फ्रिज-एसी दुरुस्तीवर चालतात. विहिरीवरची मोटर का जळते, हे रिवाइंडिंग करणाऱ्या चाचांना वायर पाहूनच कळते. एका हंगामात आलेल्या मोटरींची नोंद ठेवली, कारणे वेगवेगळी काढली आणि त्यावर उपाय सुचवला, तर तो इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याचा चांगला प्रोजेक्ट ठरेल. कॉम्प्युटरच्या मुलीला स्पेअर पार्टच्या दुकानासाठी मालाचा हिशेब ठेवणारा मराठी प्रोग्राम करता येईल. शिकलेला मुलगा बापाच्या काळ्या हातांची लाज बाळगतो, तेव्हा घरातलीच एक प्रयोगशाळा तो बंद करतो. आणि “तू शिकलास, आता इकडे फिरकू नकोस” असे बाप म्हणतो, तेव्हाही तेच होते.

कॉलेजबाहेरही काही दारे उघडी आहेत. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन 2017 पासून भरते. त्यात सरकारी खाती आणि कंपन्या आपल्या खऱ्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे ठेवतात. संघ सहा जणांचा असतो आणि त्यात किमान एक मुलगी असावीच लागते. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम घरबसल्या मोफत शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. डिग्री किंवा डिप्लोमानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घेता येते.

मुलींच्या बाबतीत घरची काळजी वेगळी असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण “इंटर्नशिप नको” हे त्यावरचे उत्तर नव्हे. कंपनीचा पत्ता, कामाची वेळ, तिथे जबाबदार व्यक्ती कोण, राहण्याची सोय कुठे, हे आधी विचारावे. एकदा अब्बा किंवा भाईजान सोबत जाऊन पाहून यावे. बरोबर शिकणारी मैत्रीण असेल तर दोघींनी मिळून जावे. चार वर्षे फी भरून शेवटच्या दोन महिन्यांसाठी मुलीला मागे ओढले, तर तिच्या डिग्रीचे बळच कमी होते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. इंटर्नशिप देतो म्हणून आधी पैसे मागणारे, काम न करता प्रमाणपत्र देणारे लोकही बाजारात आहेत. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला विचारल्याशिवाय आणि लेखी पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

आईवडिलांना इंजिनिअरिंग येण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, रात्रीच्या जेवणानंतर तीन प्रश्न विचारले तरी पुरे : ही अडचण कुणाची आहे? या महिन्यात तू स्वतः काय केलेस? कुठे अडलास? सुरुवातीला मुलगा अडखळेल. पण दर महिन्याला अम्मीला साध्या भाषेत समजावून सांगता सांगता त्याचे बोलणे मोकळे होईल, आणि मुलाखतीच्या खोलीत हीच सवय त्याच्या कामी येईल.