खातेउताऱ्यांतील अनोळखी बसभाडें

बँकेच्या खातेउताऱ्यांत बसभाड्याचा खर्च पडलेला दिसतो, आणि त्या नांवाच्या गाडीनें घरांतील कोणीच गेलेलें आठवत नाहीं. अशा वेळीं घाबरणें व्यर्थ; परंतु दुर्लक्ष करणें घातक होय.

प्रथम नांव पाहावें. उताऱ्यावर गाडीच्या मालकाचेंच नांव येतें असें नाहीं; पुष्कळदां तिकीट विकणाऱ्या किंवा पैसे पोंचविणाऱ्या मध्यस्थाचें येतें.

दुसरी गोष्ट तारखेची. नोंद पैसे दिल्या दिवसाची असते, प्रवासाच्या दिवसाची नव्हे. गणपतीकरितां कोंकणांत जाण्याचें तिकीट दोन महिने आधीं काढलें, तर खर्च आषाढांतच दिसावयाचा. तिसरी गोष्ट रकमेची. चार आसनें एकत्र घेतल्यास भाडें व सेवाशुल्क मिळून एकच आंकडा पडतो. यूपीआय व्यवहाराचा १२ आंकडी क्रमांक मोबाइलमधील नोंदीशीं ताडून पाहावा, मुलानातवंडांसही विचारावें.

इतकें करूनही मेळ न बसल्यास त्याच दिवशीं बँकेस कळवावें व तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. फसवणूक दिसल्यास १९३० या क्रमांकावरही कळवावें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, दोष ग्राहकाचाही नसेल आणि बँकेचाही नसेल, तर सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडूं नये. मात्र गुप्त अंक आपणच परक्यास सांगितले असतील, तर बँकेस कळवीपर्यंत झालेलें नुकसान आपल्याच पदरीं येतें. म्हणून शोध शांतपणें करावा, पण तक्रारीस विलंब लावूं नये.