अमीर खाँ ऐकू येऊ लागतात तेव्हा

उस्ताद अमीर खाँ (1912-1974) यांच्या गाण्यावर आज जीव ओवाळून टाकणाऱ्या रसिकांपैकी कित्येकांना ते गाणे पहिल्या श्रवणात संथ, किंबहुना कंटाळवाणे वाटलेले असते, आणि या नावडीला सबळ कारणे आहेत. मराठी श्रोत्याचा कान ज्या नाट्यसंगीतावर पोसला, ते बहुतांशी मध्य किंवा द्रुत लयीत चालणारे, शब्द स्वच्छ उच्चारणारे आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मुखडा, अंतरा व ताना आटोपून श्रोत्याला तृप्त करणारे होते. त्यातच 1955 साली व्ही. शांताराम यांचा 'झनक झनक पायल बाजे' हा चित्रपट आला आणि वसंत देसाई यांनी अडाणा रागात बांधलेल्या त्याच्या शीर्षकगीतातून खाँसाहेबांचा आवाज ख्यालाची ओळख नसलेल्या घरांतही पोहोचला. तो वेगवान, तडफदार अडाणा मनात धरून त्यांच्या विलंबित ख्यालाकडे वळणाऱ्या श्रोत्याला हा गायक तोच का, असा प्रश्न पडला तर त्यात नवल नाही.

ही अडचण नेमकी कोठे आहे, हे तालाच्या अंगाने पाहिल्यास स्पष्ट होते. तालाची ठरावीक मात्रांची एक फेरी म्हणजे आवर्तन, त्याची पहिली मात्रा म्हणजे सम, आणि बंदिशीची जी ओळ पुन्हा पुन्हा समेवर येऊन मिळते ती म्हणजे मुखडा. गायक कितीही दूर गेला तरी समेवर अचूक परततो, या खात्रीत ख्याल ऐकण्याचा मोठा आनंद साठवलेला असतो, आणि श्रोत्यांची मान डोलते ती याच क्षणी. खाँसाहेब बहुधा चौदा मात्रांचा झुमरा निवडत आणि तो इतका संथ ठेवत की, एक आवर्तन पुरे व्हायला मिनिटभराचा अवधी लागावा. म्हणजे दोन मात्रांमध्ये चार सेकंदांहून अधिक अंतर पडते. शिवाय तबल्याने कलाकुसर न करता साधा ठेका धरावा, असा त्यांचा आग्रह असल्याने समेची वाट पाहणाऱ्या श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. संगीतातील भावना अपेक्षा जागवण्यातून आणि तिची पूर्ती लांबवण्यातून निर्माण होते, असे विवेचन लिओनार्ड मायर या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने 1956 साली केले. येथे मात्र अपेक्षा इतकी ताणली जाते की ती तुटून जाते आणि उरतो तो कंटाळा.

हा कंटाळा सरतो तो लक्ष समेवरून उचलून स्वरांवर ठेवल्यावर. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ मुंबईतील भेंडीबाजाराच्या परंपरेशी जोडलेले होते, आणि त्या परंपरेतील मेरुखंड ही पद्धत त्यांनी मुलाकडून घोटून घेतली. मेरुखंड म्हणजे ठरावीक स्वरांचे जितके क्रम संभवतात तितके सारे गळ्यावर चढवणे. तीन स्वरांचे 6, चारांचे 24, आणि सातही स्वर घेतले तर 5040. रागाच्या नियमांत न बसणारे क्रम अर्थातच गळतात, पण जे उरतात त्यांतून एकच छोटा स्वरसमूह वेगवेगळ्या बाजूंनी दाखवता येतो. संथ लय खाँसाहेबांनी किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्या गाण्यावरून घेतली. ती मेरुखंडाशी सांधली गेली, तेव्हा प्रत्येक क्रम कानात मुरण्यास लागणारा अवकाश त्याला मिळाला.

त्यांची मारवा आणि दरबारी यांची लाँग प्ले तबकडी या दृष्टीने फार मोलाची आहे. मारव्यात पंचम वर्ज्य असतो, आणि ज्या षड्जावर प्रत्येक राग विसावतो तो षड्जही येथे शक्यतो टाळला जातो. सारा भार कोमल रिषभावर आणि धैवतावर पडतो. तंबोऱ्यातून षड्ज अखंड झंकारत असतो आणि खर्जाकडे झुकलेला तो घनगंभीर आवाज त्याच्या अगदी शेजारच्या कोमल रिषभावर थांबून राहतो, निषादाकडे उतरतो, धैवताला टेकतो आणि षड्जाला बगल देऊन पुन्हा रिषभावर येतो. पहिल्या श्रवणात ही सारी एकाच जागी चाललेली घुटमळ वाटते. परंतु षड्ज टाळला जात आहे हे एकदा कानाला कळले की त्याच घुटमळीतून सायंकाळची बेचैनी जाणवू लागते, आणि अखेर षड्ज लागतो तेव्हा समेवर मिळणाऱ्या समाधानापेक्षा खोल असे काही हाती येते. हे कळण्यासाठी संगीतशास्त्राची पदवी लागत नाही. षड्ज ओळखता आला आणि शांतपणे वीस मिनिटे बसता आले तरी पुरते.

वारंवार ऐकल्याने गाणे आपोआप आवडू लागते, या समजात मात्र अर्धेच तथ्य आहे. केवळ परिचयाने एखाद्या गोष्टीविषयीची पसंती वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 साली प्रयोगांनी दाखवले; पण जी गोष्ट प्रारंभीच मनापासून नावडली ती पुन्हा पुन्हा समोर आल्यास नावड घट्टही होऊ शकते. म्हणून केवळ आवृत्त्या वाढवण्यापेक्षा कानाला धरायला काही देणे महत्त्वाचे ठरते. ती खूण कोमल रिषभाची असेल, साध्या ठेक्याची असेल किंवा मंद्र सप्तकातील एखाद्या विरामाची असेल.

एक आक्षेप तरीही उरतो आणि तो रास्त आहे. विलंबितात खाँसाहेब पुष्कळदा अंतरा गातच नाहीत आणि शब्द स्वरांत विरघळून जातात. बंदिशीच्या बांधणीवर जीव असलेल्या रसिकाला ही उणीव खटकणारच, आणि त्यांच्यावर प्रेम जडल्यावरही ती भरून निघत नाही.

मारवा अंगवळणी पडल्यानंतर 1955 चे ते चित्रपटगीत पुन्हा लावून पाहावे. अडाण्याच्या ज्या ताना पूर्वी केवळ वेगासाठी आवडल्या होत्या, त्यांच्या आत आता छोटे स्वरसमूह उलटताना, पालटताना आणि क्रम बदलून परतताना ऐकू येतात.