हीटर गळतोय? आधी हे तपासा

दिल्ली-एनसीआरच्या धुक्यात जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचा हीटर ही चैन नव्हे. समोरची काच त्याच्याच गरम हवेने स्वच्छ राहते. डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. इंजिनातलं गरम कूलंट त्यातून फिरतं. गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट थर, पायाखाली ओली मॅट? मग गळती तिथेच शोधा.

इंजिन थंड झालं की मी आधी होज आणि क्लॅम्प बघतो. कोअरच गळत असेल, तर त्याचे दोन्ही होज एकमेकांना जोडतो. गाडी चालते, हीटर बंद राहतो. म्हणून धुक्यात गाडी काढायची नाही. तांब्या-पितळेचा कोअर रेडिएटरवाला डाख लावून दुरुस्त करतो. बसवण्याआधी पाण्यात बुडवून, हवा भरून तपासा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते विषारी असतं.