पाइप छोटा, काम मोठं!

गोअर-टेक्सचं जॅकेट घालून ट्रेकला जाणारे तुमच्यात बरेच असतील. त्याच मटेरियलची नळी माझ्या बाबांच्या पायात आहे, असं सांगितलं की ऑफिसातले मित्र चहा प्यायचं विसरतात!

सिगरेट आणि डायबेटिस, दोघांनी मिळून बाबांच्या मांडीतली धमनी बंद पाडली. अशा बायपासला पहिली पसंती स्वतःच्याच पायातल्या शिरेला. पण ती हार्टच्या बायपासमध्ये आधीच खर्ची पडलेली. म्हणून कृत्रिम नळी, व्यास जेमतेम ६ मिलीमीटर. पोटातल्या महाधमनीत असली नळी वर्षानुवर्षं चालते, कारण तिथे रक्ताचा जोर जबरदस्त. बारीक नळीत मात्र लोच्या होतो. आपल्या धमनीला आतून जिवंत पेशींचं अस्तर असतं, ते रक्त गोठू देत नाही. प्लॅस्टिकला अस्तर कुठलं? प्लेटलेट्स चिकटतात, गुठळी होते, नळी जाम!

इथे एंट्री होते 'रक्त पातळ करणाऱ्या' गोळ्यांची. खरं तर रक्त पातळबितळ काही होत नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सचा चिकटपणा कमी करते, वॉरफरिन रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात शिरेच्या बायपासला वॉरफरिनच्या जातकुळीतली औषधं, तर कृत्रिम नळीला अ‍ॅस्पिरिन जास्त मानवली. २०२० च्या 'व्हॉयेजर' चाचणीत ६,५६४ पेशंट होते. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला २.५ मिलिग्रॅम रिव्हरॉक्सबॅन दिवसातून दोनदा दिल्यावर पायाचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याचं प्रमाण घटलं. रक्तस्राव मात्र वाढला. फुकट काहीच नाही, बॉस!

आमच्या घरचं भांडण ठरलेलं. "पाय दुखत नाही, मग गोळी कशाला?" इति बाबा. "नळी उघडी आहे म्हणून दुखत नाही, आणि ती उघडी राहावी म्हणून गोळी!" इति मी. मध्यंतरी दाढ काढायची म्हणून त्यांनी परस्पर गोळ्या बंद करायचं ठरवलं. मी आधी सर्जनना फोन लावला. उत्तर आलं, "चालू ठेवा, फक्त डेंटिस्टना सांगा." दाढ निघाली, पाय शाबूत!

तुमच्या घरी असं कुणी असेल तर तीन गोष्टी पाठ करा. गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना न विचारता पेनकिलर घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि पाय अचानक गार, पांढराफटक किंवा बधिर झाला, तर सकाळची वाट बघायची नाही. पाय वाचवायला हातात काही तासच असतात. मीटिंग सोडा, हॉस्पिटल गाठा!